जेबीएल म्हणजे नेमकं कोण? कर्जात अडकलेल्या कारागिराचं नाव जगभर कसं पोहोचलं?

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) : मोबाइलच्या दुकानातला ब्लूटूथ स्पीकर, गाडीतली म्युझिक सिस्टीम किंवा मिरवणुकीतली ‘डॉल्बी’ची भिंत. यातल्या कशावर तरी ‘जेबीएल’ ही तीन अक्षरं तुम्ही नक्की पाहिली असतील. मैंदर्गीसारख्या कर्नाटक सीमेजवळच्या गावातही ती कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण ही अक्षरं एका माणसाच्या नावाची आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं.

जुने हाय-फाय स्पीकर जमवणाऱ्या, ते घरी दुरुस्त करून एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या हौशी मंडळींमध्ये मात्र हे नाव आदरानं घेतलं जातं. जेम्स बुलो लान्सिंग हे ते नाव. त्यांनी बनवलेले स्पीकर ७५ वर्षांनंतरही वाजतात. त्यांना स्वतःला मात्र जेमतेम ४७ वर्षांचं आयुष्य मिळालं आणि शेवटच्या दिवसांत त्यांच्या वाट्याला कर्जच होतं. कोण होते लान्सिंग? त्यांनी असं काय केलं? आणि आज एखादा जुना स्पीकर तुमच्या घरी आला तर त्यांच्या कामातून काय शिकता येईल? जाणून घेऊया.

मार्टिनीचे लान्सिंग कसे झाले?

जेम्स यांचा जन्म १४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात झाला. तेव्हा त्यांचं आडनाव मार्टिनी होतं. वडील कोळसा खाणींच्या कामात होते. घर मोठं, भावंडं भरपूर. लहानपणापासून जेम्सला विजेचं वेड होतं. दहा-बारा वर्षांचा असताना त्यानं लायडन जार बनवली होती. ही विजेचा भार साठवणारी काचेची बरणी. तिला हात लावला की झटका बसतो. ती वापरून तो मित्रांची गंमत करायचा, असं सांगितलं जातं.

पदवीचं शिक्षण नव्हतं. तरुणपणी त्यांनी मोटार मेकॅनिक म्हणून काम केलं. १९२४ मध्ये आईचं निधन झालं आणि त्यांनी घर सोडलं. ते सॉल्ट लेक सिटीला गेले आणि रेडिओ स्टेशनवर काम करू लागले. तिथेच त्यांना आयुष्याची जोडीदार ग्लेना भेटली आणि केन डेकर हा व्यवसायातला भागीदारही.

डेकर आणि जेम्स लॉस एंजेलिसला आले. मार्च १९२७ मध्ये ‘लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ सुरू झाली. याच सुमारास जेम्स मार्टिनी यांनी कायदेशीररीत्या नाव बदलून जेम्स बुलो लान्सिंग केलं. वय होतं २५. कंपनी रेडिओच्या लाकडी कपाटात बसणारे ६ आणि ८ इंची स्पीकर बनवायची. पैशाचे व्यवहार आणि गिऱ्हाईक डेकर सांभाळायचे, तर लान्सिंग दिवसभर कारखान्यात असायचे. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते.

सिनेमा बोलू लागला आणि अडचण कुठे आली?

कंपनी सुरू झाली त्याच वर्षी, १९२७ मध्ये, अमेरिकेत ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाला आणि बोलपटांचं युग सुरू झालं. आपल्याकडे मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला.

पडदा बोलू लागला, पण शेकडो प्रेक्षकांच्या थिएटरमध्ये तो आवाज स्पष्ट पोहोचवायचा कसा, हा प्रश्न होता. तेव्हा व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर होते आणि त्यांची ताकद थोडी होती. त्यामुळे थोड्या विजेत मोठा आवाज देणारा स्पीकर हवा होता. त्यावर उपाय होता हॉर्न, म्हणजे आपला भोंगा. तोंडाजवळ दोन्ही हात धरून हाक मारली की आवाज लांब जातो, तेच तत्त्व इथे वापरलं जातं.

एमजीएम या बड्या स्टुडिओचे ध्वनिप्रमुख डग्लस शिअरर थिएटरमधल्या आवाजावर नाराज होते. अभिनेत्री नॉर्मा शिअररचे ते भाऊ. त्यांनी नवी यंत्रणा तयार करायचं ठरवलं. जॉन हिलियार्ड यांच्याकडे तांत्रिक काम आलं. स्पीकरचे मुख्य भाग घडवण्याची जबाबदारी लान्सिंग आणि त्यांच्या कंपनीतले डॉ. जॉन ब्लॅकबर्न यांच्यावर आली.

एका टापेचे दोन आवाज

त्या काळातला एक किस्सा ध्वनितंत्रज्ञ आजही सांगतात. आधीच्या एका मोठ्या यंत्रणेवर नृत्यांगना एलेनॉर पॉवेल यांच्या टॅप डान्सचं दृश्य ऐकलं, तर बुटाची प्रत्येक टाप दोनदा ऐकू येई. कारण काय? खर्ज आणि वरचे सूर वेगवेगळ्या हॉर्नमधून येत होते. एका हॉर्नची वाट दुसऱ्यापेक्षा सुमारे आठ फुटांनी लांब होती.

हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. आठ फूट म्हणजे जवळपास अडीच मीटर. ते पार करायला त्याला साधारण ७ मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीरही कानाला कळतो.

शिअरर यांच्या यंत्रणेत हा फरक जवळजवळ मिटवण्यात आला. खालच्या आवाजासाठी १५ इंची स्पीकर, वरच्या आवाजासाठी हॉर्नला जोडलेला कॉम्प्रेशन ड्रायव्हर अशी ही दुहेरी रचना होती. हिलाच ‘शिअरर हॉर्न’ म्हणतात. १९३६ या वर्षासाठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार तिला मिळाला. पुरस्कारावर नाव शिअरर आणि एमजीएमच्या ध्वनी विभागाचं होतं. लान्सिंग यांनी घडवलेले भाग मात्र थिएटरच्या पडद्यामागे आवाज देत राहिले. आज मिरवणुकीत दिसणाऱ्या डॉल्बीच्या भिंतीतही खाली मोठे स्पीकर आणि वर हॉर्न अशीच मांडणी असते.

१९३७ मध्ये लान्सिंग यांनी हीच रचना लहान आकारात आणली. ‘आयकॉनिक’ असं तिचं नाव. स्टुडिओत ध्वनिमुद्रण तपासण्यासाठी ती वापरली गेली आणि घरासाठीही तिचं रूप निघालं. थिएटरचा आवाज दिवाणखान्यात आणण्याच्या सुरुवातीच्या गंभीर प्रयत्नांपैकी हा एक.

स्वतःची कंपनी हातातून कशी गेली?

१९३९ मध्ये केन डेकर यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. लान्सिंग यांचा मित्र गेला आणि कंपनीचा हिशेब सांभाळणारा माणूसही गेला. लान्सिंग यांना यंत्रं कळत होती, वहीखातं नाही. दोन वर्षांत कंपनी अडचणीत आली.

डिसेंबर १९४१ मध्ये ‘अल्टेक सर्व्हिस’ या कंपनीनं ती विकत घेतली. थिएटरमधल्या ध्वनियंत्रणांची देखभाल करणाऱ्या अल्टेकला स्वतःचं उत्पादन हवं होतं. नव्या कंपनीचं नाव पडलं ‘अल्टेक लान्सिंग’. लान्सिंग यांनी पाच वर्षांचा करार केला आणि ते अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले.

कामाच्या दृष्टीनं ही पाच वर्षं भरभराटीची होती. याच काळात ‘६०४ डुप्लेक्स’ आला. १५ इंची स्पीकरच्या मधोमध हॉर्न बसवून दोन्ही आवाज एकाच ठिकाणाहून काढण्याची ही युक्ती. पुढे कित्येक दशकं अमेरिकी ध्वनिमुद्रण स्टुडिओंत गाणी ६०४ वर तपासली गेली. १९४५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका आली आणि जगभरातल्या सिनेमागृहांत पोहोचली.

करार संपताच, १९४६ मध्ये, लान्सिंग बाहेर पडले. १ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांनी ‘लान्सिंग साउंड’ ही नवी कंपनी काढली. आणि पेच निर्माण झाला. लान्सिंग हे नाव आता अल्टेकच्या उत्पादनांवर होतं. अल्टेकनं हरकत घेतली. कंपनीबरोबर नावही विकलं गेलं होतं. शेवटी कंपनीचं नाव ‘जेम्स बी. लान्सिंग साउंड’ असं पूर्ण लिहायचं ठरलं. १९५०च्या दशकात याच नावाचं लघुरूप रूढ झालं. तेच आजचं जेबीएल.

डी१३० मध्ये असं काय होतं?

नव्या कंपनीकडे भांडवल नव्हतं, पण लान्सिंग यांच्याकडे एक कल्पना होती. तिचं फळ म्हणजे ‘डी१३०’ हा १५ इंची स्पीकर. जुने स्पीकर जमवणाऱ्यांना याचं एवढं कौतुक का, हे समजायला स्पीकर आतून पाहावा लागेल.

स्पीकरच्या कागदी कोनमागे तारेचं वेटोळं असतं. त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. ते मॅग्नेटच्या अरुंद फटीत हलतं. अ‍ॅम्प्लिफायरची वीज तारेतून गेली की कॉइल मागे-पुढे होते, कोन हवा ढकलतो आणि आवाज येतो. म्हणजे फटीत जितका जास्त धातू आणि जितकं बळकट चुंबकत्व, तितकं काम जास्त. लान्सिंग यांनी तीन निर्णय घेतले :

• चपटी तार : गोल तारा शेजारी-शेजारी ठेवल्या तर कोपऱ्यांत सुमारे एक पंचमांश जागा रिकामी राहते. लान्सिंग यांनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टीसारखी चपटी तार कडेवर उभी गुंडाळली. रिकामी जागा जवळजवळ संपली. हे काम नाजूक असतं, तार वाकवताना ती पिळली की कॉइल वाया जाते.

• चार इंची कॉइल : अल्टेकमधल्या त्यांच्याच १५ इंची स्पीकरची कॉइल तीन इंची होती. डी१३० मध्ये ती चार इंची केली. मोठी कॉइल उष्णता लवकर सोडते आणि मोठ्या कोनवर चांगला ताबा ठेवते.

• अल्निको मॅग्नेट : जुन्या स्पीकरना चुंबकत्वासाठी वेगळी वीज द्यावी लागे. अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचं हे कायमस्वरूपी मॅग्नेट आलं आणि ती गरज संपली.

परिणाम असा की, अवघ्या एक वॅटवर डी१३० सुमारे १०० डेसिबलचा आवाज देतो. आजचे घरगुती लहान स्पीकर तेवढ्याच विजेत साधारण ८५ ते ८८ डेसिबल देतात. १० डेसिबलचा फरक भरून काढायला दहापट वॅट लागतात, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं मोल कळतं.

१९४९ मध्ये काय घडलं?

माल उत्तम होता, पण पैसा येत नव्हता. मार्क्वार्ट एअरक्राफ्ट या विमान उद्योगातल्या कंपनीनं काही काळ पाठबळ दिलं. तिचे खजिनदार विल्यम थॉमस लान्सिंग यांच्या कंपनीत लक्ष घालू लागले. मार्क्वार्टची मालकी बदलल्यावर तो आधारही सुटला. सुमारे २० हजार डॉलरचं देणं डोक्यावर होतं.

सप्टेंबर १९४९ मध्ये लान्सिंग यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या एव्होकॅडोच्या बागेत आयुष्य संपवलं. वय होतं ४७.

देणं माणसाला कसं आतून पोखरतं, हे आपल्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. पण लान्सिंग यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बुडीत वाटणारी ती कंपनी बुडीत नव्हती. विम्याचे १० हजार डॉलर कंपनीला मिळाले, पण ती रक्कम देण्याच्या निम्मीच होती. कंपनी खऱ्या अर्थानं उभी राहिली ती थॉमस यांनी पुढे घेतलेल्या मेहनतीमुळे आणि लान्सिंग यांनी आधीच बनवून ठेवलेल्या स्पीकरमुळे. थॉमस यांनी ग्लेना यांचा हिस्सा विकत घेतला आणि नवं काही शोधण्याआधी लान्सिंग यांचाच माल नीट विकला. पाच वर्षांत, १९५४ मध्ये, त्यांचा ‘हार्ट्सफील्ड’ हा घरगुती स्पीकर अमेरिकेतल्या श्रीमंत दिवाणखान्यांत जाऊन बसला.

लान्सिंग यांना स्पीकर बनवणं जमलं होतं. डेकर यांच्यानंतर त्यांना हिशेबाचा भार वाटून घेणारा माणूस हवा होता. तो थॉमस यांच्या रूपानं त्यांच्याच कंपनीत येऊन पोहोचला होता, पण तेवढा वेळ हाती राहिला नाही.

पुढे नावाचा प्रवास कसा झाला?

• १९५७ : ‘पॅरागॉन’ हा वळणदार लाकडी स्पीकर आला. आजही जगभरचे संग्राहक त्याच्या शोधात असतात.

• १९६९ : वूडस्टॉक संगीत महोत्सवात मोठ्या पेट्यांमध्ये जेबीएलचे १५ इंची स्पीकर होते आणि वर अल्टेकचे हॉर्न. लान्सिंग यांनी घडवलेल्या दोन्ही कंपन्या एकाच मैदानात वाजत होत्या. त्याच वर्षी जेबीएलची मालकी सिडनी हरमन यांच्या उद्योगाकडे गेली.

• १९७० : घरगुती ‘एल१००’ बाजारात आला आणि प्रचंड खपला.

• १९७०च्या दशकाचा शेवट : आफ्रिकेतल्या झाईर देशातल्या संघर्षामुळे कोबाल्ट महागलं. कंपन्या अल्निको सोडून फेराइट मॅग्नेटकडे वळल्या. जुन्या अल्निको स्पीकरची मागणी संग्राहकांमध्ये वाढण्याचं हे एक कारण.

• २०१७ : सॅमसंगनं सुमारे ८ अब्ज डॉलरला हरमन विकत घेतली. २० हजार डॉलरच्या देण्यानं जेरीस आलेल्या माणसाचं नाव या व्यवहारात होतं.

जुना स्पीकर घरी आला तर काय पाहाल?

डी१३० आपल्याकडे सहज मिळत नाही. पण पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या भंगारात कोणत्याही कंपनीचा जुना स्पीकर हाती लागला, तरी पुढच्या गोष्टी लागू होतात.

१. कोनची कड तपासा. डी१३०ची कड कोनच्याच कागदाला वळ्या पाडून केलेली आहे, म्हणून ती इतकी वर्षं टिकते. १९७०च्या दशकानंतरच्या अनेक स्पीकरना फोमची कड असते. तिचा काही वर्षांत भुगा होतो. पत्र्याच्या खोलीत, आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हाळ्यात तर लवकरच. पण फक्त कड गेली असेल तर स्पीकर फेकू नका, नवी कड बसवता येते.

२. कोन हलक्या हातानं दाबा. सगळ्या बाजूंनी सारखा दाबला आणि आतून खरखर आली तर कॉइल घासते आहे किंवा फटीत लोखंडाचा कीस गेला आहे. तसाच वाजवला तर कॉइल जळू शकते.

३. मूळ कोन सांभाळा. कोन आणि कॉइल दोन्ही बदलण्याला रिकोनिंग म्हणतात. मिळेल तो स्वस्त कोन बसवला तर स्पीकर वाजेल, पण चपट्या तारेचं वेटोळं आणि मूळ कागद गेला की त्या स्पीकरमध्ये लान्सिंग यांचं फार थोडं उरतं. काढलेले भाग टाकून देऊ नका.

४. क्रॉसओव्हरचे कॅपॅसिटर मोजून घ्या. जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकतात आणि वरचे सूर मंद किंवा कर्कश होतात. मोजल्याशिवाय बदलू नका.

५. लाल-काळं तपासा. दीड व्होल्टचा सेल खालच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरला क्षणभर लावा. प्लस लाल टोकाला लावल्यावर बहुतेक कंपन्यांचा कोन बाहेर येतो. जुन्या जेबीएलचा मात्र आत जातो. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर जोडताना हे विसरलं तर एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो आणि खर्ज गायब होतो. ही चाचणी हॉर्नच्या ड्रायव्हरवर करू नका, त्याचा पडदा फार नाजूक असतो.

घरच्या घरी तुलना कशी कराल?

पहिला नियम : आवाज सारखा करा. दोन स्पीकरपैकी जो किंचित मोठा वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो. डी१३० सारखा स्पीकर आजच्या स्पीकरशेजारी ठेवला तर व्हॉल्यूमला हात न लावता तो जिंकणारच. मोबाइलवरच्या डेसिबल मीटरनं दोन्ही समान पातळीवर आणा, मगच ऐका.

दुसरा नियम : जागा एकच ठेवा. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज वाढतो. एक स्पीकर वाजवा, त्याच जागी दुसरा ठेवा आणि पुन्हा ऐका. कोणता चालू आहे हे दुसऱ्या कुणालातरी बदलायला सांगा आणि तुम्ही पाहू नका. नाव दिसलं की कान त्याच्या बाजूनं कौल देतो.

तिसरा नियम : ओळखीचा आवाज लावा. तबल्याच्या डग्ग्याची घुमक, तानपुऱ्याची जवारी, माणसाचा बोलण्याचा आवाज. हे खरे कसे असतात, ते आपल्या कानांना ठाऊक आहे. डी१३०चा हलका कोन आवाज झटकन उचलतो, पण अगदी खोल खर्ज तो देत नाही. म्हणजे प्रत्येक जुना स्पीकर नव्यापेक्षा सरस असतो, असंही नाही. तो कोणत्या कामासाठी बनला होता, हे कळलं की तुलना न्याय्य होते.

पुढच्या वेळी एखादा जुना, जड, धुळीनं भरलेला स्पीकर भंगारात किलोच्या भावानं जाताना दिसला, तर आधी त्याच्या मागची पाटी पुसून नाव वाचा. मॅग्नेटच्या फटीत कुणीतरी हातानं गुंडाळलेली तार अजून शाबूत असू शकते.

*(मानसिक ताण, कर्जाची चिंता किंवा आयुष्य संपवण्याचे विचार मनात येत असतील तर एकटे राहू नका. ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं.)*